गाडी पिकअप घेत नाही: तुळजापूरच्या घाटापासून सायलेंसरच्या जाळीपर्यंत

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, आई आणि वहिनी, तुळजापूरला निघालो होतो. सोलापूरपासून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. हिप्परग्याचा तलाव मागे पडला की रस्ता बराचसा सरळ आहे आणि शेवटी बालाघाटच्या डोंगरातला लहानसा घाट चढला की देवीचे गाव येते. माझी गाडी २०१४ सालची, चार सिलिंडरची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. हा घाट तिने आजवर तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढलेला आहे. त्या दिवशी मात्र चढाला लागताच वेग ४५ वरून ४० वर, ४० वरून ३५ वर घसरला. मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरी इंजिनाचा आवाज वाढला नाही. उलट तोंडावर उशी दाबल्यासारखा तो घुसमटत गेला. दुसरा गिअर टाकला, तेव्हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला २५०० फेऱ्यांपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला आणि त्याने आम्हाला ओलांडले.

कसेबसे वर पोहोचलो, दर्शन घेतले आणि उतार असल्यामुळे परतताना फारसे काही जाणवले नाही. घरी, जुळे सोलापुरात, गाडी लावली, तेव्हा ती जागेवर अगदी शांतपणे चालू होती. चावी फिरवताच सुरू होत होती आणि जागेवर रेस केली तर थोडा विचार करून का होईना, फेऱ्याही घेत होती. या दुखण्याचा खरा त्रास हाच आहे, की गाडी बंद पडत नाही. बंद पडलेल्या गाडीकडे सगळेच गांभीर्याने पाहतात; चालणाऱ्या पण न धावणाऱ्या गाडीबद्दल मात्र प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो.

गाडी पिकअप घेत नाही, ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे तीन अगदी वेगळे आजार असू शकतात आणि ते वेगळे करायला कोणतेही यंत्र लागत नाही. पहिला आजार क्लचचा. यात इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही आणि जळका वास येतो. दुसरा ब्रेकचा. एखाद्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबून धरणारा भाग, अडकून राहिला, तर इंजिन सगळे बळ त्या घासणाऱ्या चाकावर खर्च करते. अशा वेळी काही किलोमीटर चालवून चाकाजवळ हात नेला, तर ते चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते, आणि जॅकवर घेतल्यास हाताने सहज फिरत नाही. तिसरा आजार इंजिनाचा स्वतःचा. यात फेऱ्या आणि वेग दोन्ही एकत्रच अडतात. घाटात माझा वेग आणि काटा हातात हात घालून खाली आले होते, म्हणजे क्लच निर्दोष होता. तरीही घरासमोरच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून मी क्लच हळूच सोडला. इंजिन लगेच गचका देऊन बंद पडले. क्लच घसरत असता, तर ते चालूच राहिले असते. चारही चाके साधारण सारखीच कोमट होती. दुखणे इंजिनात आहे, एवढे पहिल्या अर्ध्या तासात आणि एक पैसाही खर्च न करता समजले.

एवढे समजल्यावर मी नेमकी चूक केली. सोमवारी कारखान्यात जायची घाई होती, म्हणून गाडी शहरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या वर्कशॉपमध्ये टाकली आणि "पिकअप घेत नाही" एवढेच सांगून निघून गेलो. संध्याकाळी ३,८५० रुपयांचे बिल हातात पडले. स्पार्क प्लग बदलले होते, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ केली होती आणि डॅशबोर्डवर पेटलेला चेक इंजिनचा दिवा "पुसून" दिला होता. गाडी सात रस्त्यापर्यंत बरी चालली आणि पुलाच्या चढावर पुन्हा घुसमटली. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर उत्तर आले, "सर, मग फ्युएल पंप गेला असेल, बदलून बघू या." या "बदलून बघू या"ची मला पहिल्यापासून धास्ती आहे. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात देखभालीचे काम करतो. माग थांबला की आमचा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, आधी तुटलेला धागा शोधतो. सगळा ताणा उतरवून नवा चढवत नाही. माग थांबल्यावर जे मला सुचते, ते स्वतःच्या गाडीच्या बाबतीत दोन दिवस सुचले नाही, याची लाज वाटली आणि गाडी घरी आणली.

माझ्याकडे ओबीडीचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर होता. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून गाड्यांमध्ये ओबीडी-२ ही स्वनिदान प्रणाली आली आणि तिच्यामुळे स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये असा साधा स्कॅनर लावून मोबाइलवर इंजिनाची नाडी पाहता येते. गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचले, तर एकच निघाला: पी ०३०३, तोही पक्का नव्हे, प्रलंबित. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये अधूनमधून मिसिंग होत होते, पेट्रोल पेटायचे राहून जात होते. पण एका सिलिंडरच्या अधूनमधूनच्या मिसिंगमुळे गाडी थरथरेल, हिसके देईल. ती २५०० फेऱ्यांवर भिंतीला टेकल्यासारखी थांबणार नाही. वर्कशॉपने दिवा पुसताना आधीचे सगळे कोडही पुसले होते. हे पुरावा पुसण्यासारखेच आहे, याची मला त्या वेळी पूर्ण कल्पना आली नाही. ती नंतर आली.

कोडपेक्षा मला स्कॅनरवरचे चालू आकडे अधिक उपयोगी पडले, आणि त्यातही एक आकडा. इंजिनात हवा जिथून शिरते, त्या इनटेक मॅनिफोल्डवर एक दाब मोजणारा सेन्सर असतो; त्याला मॅप सेन्सर म्हणतात. इंजिन सुरू न करता केवळ चावी चालू केली, की हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हा आकडा सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सोलापूर साडेचारशे मीटरपेक्षा थोडे अधिक उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो ९६ च्या आसपास यायला हवा. माझ्या गाडीत तो ९६ आला. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता, आणि पुढचे जे काही तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. मोजमाप करण्याआधी मोजपट्टी तपासून घेण्याचा हा फुकटचा मार्ग आहे, आणि तो फारसे कुणी वापरत नाही.

आता इंजिन सुरू केले. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन हवा ओढत असतात, म्हणून जागेवर चालणाऱ्या निरोगी इंजिनात हा दाब ३० ते ३५ पर्यंत उतरतो. माझा ३९ होता. थोडा जास्त, पण आरडाओरड करावी असा नव्हे. मग पत्नीला मोबाइल धरायला सांगून मी गाडी न्यूट्रलमध्ये २५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवली. निरोगी गाडीत अशा वेळी दाब खाली येऊन एका जागी थांबतो. "चौतीस," ती म्हणाली. "सदतीस. त्रेचाळीस. अहो, हा वाढतोय." अर्ध्या मिनिटात आकडा ५५ वर गेला आणि तेवढ्याच फेऱ्या टिकवण्यासाठी मला ॲक्सिलरेटर हळूहळू अधिक दाबावा लागत होता. पाय सोडताच आकडा हळूहळू जागेवर आला. दोनदा पुन्हा करून पाहिले; दोन्ही वेळा हेच.

त्या आकड्याचा अर्थ लावण्याआधी मी बाकीचे संशयित एकेक करून बाजूला केले. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला तार नसते. पेडलजवळचे दोन स्वतंत्र सेन्सर पाय किती दाबला आहे ते संगणकाला सांगतात आणि दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर संगणक स्वतःच्या बचावासाठी इंजिनाला मुद्दाम मंद ठेवतो. ही शक्यता मला आधी फार खरी वाटत होती, कारण तिची लक्षणे नेमकी अशीच असतात. पण चावी चालू करून पेडल दाबत नेले, तेव्हा दोन्ही आकडे गुळगुळीत वाढत गेले, कुठे उडी नाही, आणि थ्रॉटलची झडपही पूर्ण उघडत होती. एअर फिल्टर काढला, तर त्यावर कापसाच्या तंतूंचा राखाडी नमदा बसलेला होता, कारण गाडी दिवसभर कारखान्याच्या आवारात, कापूस पिंजणाऱ्या ब्लोरूमच्या पंख्यांच्या तोंडाशी उभी असते. फिल्टर बदलला. दुखण्यात काडीचा फरक पडला नाही, पण तो बदलायला हवाच होता.

राहिला वर्कशॉपचा फ्युएल पंप. पेट्रोल कमी पडत असते, तर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिश्रण पातळ झाले असते आणि सायलेंसरच्या वाटेवरच्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज ०.१ च्या जवळ घसरले असते. होटगी रस्त्याच्या एका मोकळ्या पट्ट्यावर, पुतण्याला मोबाइल देऊन, मी गाडी घुसमटेल अशी दाबली, सेन्सर ०.८ ते ०.९ वर ठाम होता. याचा अर्थ मिश्रण गडद होते, पेट्रोल हवे त्यापेक्षा थोडे जास्तच पोहोचत होते. पंप वाचला आणि माझे काही हजार रुपयेही वाचले. डिझेल गाडीत शोधाची दिशा निराळी असती. तिथे आधी पाणी धरलेला डिझेल फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा फाटलेला होज आणि काजळीने उघडी अडकलेली ईजीआर झडप (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी) पाहावी लागते. पण तो आजचा विषय नाही.

हवा येत होती, पेट्रोल येत होते, आज्ञा पोहोचत होती. मग इंजिनाला श्वास का घेता येत नव्हता? उत्तर असे, की त्याला श्वास सोडता येत नव्हता. जळालेला वायू सिलिंडरबाहेर पूर्ण गेला नाही, तर पुढच्या हवेला आत जागाच उरत नाही, आणि ती इनटेकमध्ये तुंबते. मॅप सेन्सरवर चढत जाणारा आकडा म्हणजे हीच तुंबलेली हवा. सोलापूरकरांना हे समजवायला फार लांब जावे लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दिवसभर माणसे ये-जा करतात तेव्हा अरुंद फाटकही पुरते. पण शोभेचे दारूकाम संपल्यावर सगळे एकदम निघाले, की त्याच फाटकाशी गर्दी हलेनाशी होते आणि मागची माणसे पुढच्यांना नुसती रेटत राहतात. जागेवर चालणाऱ्या इंजिनातून वायू थोडा निघतो, म्हणून फाटक अरुंद असले तरी कळत नाही. घाटात तो कितीतरी पटींनी निघतो, आणि तिथे गाडी अडते.

फाटक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेंसरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा, असावा, हा संशय बळावला. पण संशयावर एवढा महागडा भाग बदलणे म्हणजे पुन्हा "बदलून बघू या". पक्का पुरावा दाबमापकानेच मिळतो. कन्व्हर्टरच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच भोकात दाबमापक बसवायचा, की अडथळ्याच्या अलीकडे किती दाब साचतो ते थेट दिसते. सेन्सरचा आटा १८ मिलिमीटरचा, दीड पिचचा असतो. आमच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून त्या आट्याचा पितळी तुकडा करून घेतला, त्याला अर्धा मीटर तांब्याची नळी जोडली, म्हणजे वायूची धग मापकापर्यंत पोहोचू नये, आणि टोकाला कारखान्यातल्या भंगारातून काढलेला १५ पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचे एकक) छोटा मापक लावला. लेथवाल्याने हे कशासाठी हे विचारले आणि ऐकल्यावर पैसे घेतले नाहीत. त्याच्याही गाडीला हेच होते, असे तो म्हणाला. (त्याच्या गाडीचे दुखणे क्लचचे निघाले, पण ते पुढे.)

सेन्सर काढणे हे घरच्या पान्याचे काम नव्हते, म्हणून विजापूर रस्त्याकडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. एकट्याचे पत्र्याचे शेड, दारात कडुलिंब, आणि आत हत्यारे भिंतीवर एका ओळीत. माझी नळी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, गाडी कोमट होऊ द्या. तापलेला सेन्सर ओढला तर आटे घेऊन येतो." गंज सोडवणारा स्प्रे मारून आम्ही चहा घेतला. मग वायर जाण्यासाठी खाच असलेला खास सॉकेट लावून त्यांनी एका हिसक्यात सेन्सर सैल केला आणि नळी बसवली. गाडी सुरू केली. निरोगी गाडीत जागेवर हा दाब १ पीएसआयच्या आसपास किंवा कमी असतो आणि २५०० फेऱ्यांवर तो ३ च्या वर जाऊ नये, असा साधारण नियम आहे. आमचा काटा जागेवरच २ दाखवत होता. २५०० वर तो ५ पर्यंत गेला, थरथरला आणि ७ कडे सरकू लागला. मिस्त्रींनी हात करून रेस सोडायला लावली.

मग त्यांनी आणखी एक जुनी युक्ती केली. नळीही काढली, भोक उघडेच ठेवले आणि मला शेजारच्या गल्लीतून एक चक्कर मारायला सांगितले. बॉनेटखालून ट्रॅक्टरसारखा आवाज येत होता आणि दोन कुत्री मागे लागली. पण त्या अंगठ्याएवढ्या भोकातून वायू सुटत असताना गाडी चार हजार फेऱ्यांपर्यंत सरळ चढली. घाटात गमावलेली ताकद तिच्यात होतीच. अर्थात ही चक्कर शे-दोनशे मीटरचीच असावी. त्या भोकातून तापलेला वायू वायरींवर येतो आणि तो विषारीही असतो.

कन्व्हर्टर उतरवून आम्ही आतून टॉर्च मारला. नव्या कन्व्हर्टरच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनीमातीच्या जातीची जाळी असते. तिला चौरस इंचात ४०० किंवा त्याहून अधिक बारीक नळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. त्या लेपावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे बरेच निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. आमच्या जाळीचा जवळपास दोन तृतीयांश भाग वितळून काचेसारखा चकचकीत, करडा गोळा झाला होता. कडेला चंद्रकोरीएवढ्या जागेत नळ्या शिल्लक होत्या, आणि गेले काही दिवस माझी गाडी त्या कोरीतून श्वास सोडत होती. कन्व्हर्टर हलवला तर आत तुकडे खुळखुळत होते.

इथे बरेच जण थांबतात, आणि मलाही थांबावेसे वाटले होते. पण ही जाळी आपोआप वितळत नाही. नेहमीच्या कामात ती चारशे ते आठशे अंश सेल्सिअसला आरामात राहते. वितळण्यासाठी त्याच्या खूप पुढे जावे लागते, आणि तिथे नेणारी वस्तू म्हणजे न जळलेले पेट्रोल. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, की पेट्रोल आणि हवा दोन्ही तसेच बाहेर येतात आणि तापलेल्या जाळीत जाऊन पेटतात. इंजिनात व्हायचा जाळ मग कन्व्हर्टरमध्ये होतो.

आणि तो जाळ मी स्वतः चार महिने घालत होतो. गणपतीत पाऊस झाला तेव्हापासून गाडी मधूनच हिसका देत असे. चेक इंजिनचा दिवा कधी स्थिर पेटत असे, तर कधी लुकलुकत असे. स्थिर दिवा म्हणजे "सवडीने दाखवून घ्या". लुकलुकणारा दिवा म्हणजे "आत्ता मिसिंग इतके आहे की कन्व्हर्टर जळेल, पाय सोडा". गाडीच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेले होते. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पहिल्या दिवसासारखे कोरे होते. मला कुणीतरी "सेन्सरचा दिवा आहे, चालवा बिनधास्त" असे सांगितले होते आणि सोयीचे उत्तर मिळाल्यावर मी दुसरे शोधले नाही. वर्कशॉपमध्ये कोड पुसल्यावर कन्व्हर्टरचा कोड, पी ०४२०, परत का दिसला नाही, तेही मिस्त्रींशी बोलताना उलगडले. पुसल्यानंतर कन्व्हर्टरची स्वयंचाचणी पूर्ण होण्यासाठी गाडी काही वेळ ठरावीक वेगाने सलग चालावी लागते. माझी गाडी तो वेगच घेत नव्हती, म्हणून चाचणी अपुरीच राहत होती. कोड नाही, याचा अर्थ दोष नाही असा मी लावला होता; प्रत्यक्षात परीक्षाच झालेली नव्हती.

त्यामुळे नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी तिसरा सिलिंडर दुरुस्त करणे भाग होते. नाहीतर तोही असाच वितळला असता. या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र इग्निशन कॉइल बसते आणि त्यामुळे तपासणी फार सोपी होते. तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर आणि पहिली तिसऱ्यावर बसवली. मिसिंग कॉइल तापल्यावरच येत होते, म्हणून मिस्त्रींनी गाडी वीस मिनिटे चालू ठेवली. पाऊण तासाने स्कॅनरवर पी ०३०१ उमटला. दोष कॉइलबरोबर उठून पहिल्या सिलिंडरवर गेला होता. प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, वायरिंग, सगळे एका अदलाबदलीत निर्दोष ठरले. काढलेली कॉइल पाहिली, तर तिच्या रबरी नळीवर पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती. तिथून ठिणगी प्लगमध्ये न जाता बाहेरच निसटत होती. नव्या कॉइलला १,४५० रुपये पडले. सप्टेंबरात हेच १,४५० रुपये पुरले असते.

आता कन्व्हर्टरचा प्रश्न. मूळ कंपनीच्या भागाची किंमत ऐकून मी दोन मिनिटे गप्प बसलो. शेडमध्ये दुसऱ्या कामासाठी बसलेल्या एका गृहस्थांनी लगेच मार्ग सुचवला, "छिन्नीने आतली जाळी फोडून टाका आणि रिकामा डबा परत लावा, गाडी वाऱ्यासारखी पळते." हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि गाडी पळते, हेही खरे आहे. पण अशी गाडी प्रामाणिक पीयूसी चाचणीत टिकत नाही. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) पेट्रोल गाडीला जागेवर चालताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि जाळीवाचून ती पाळणे अवघड आहे. शिवाय कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. जाळी नसली, की त्याला पहिल्यासारखेच चढउतार दिसू लागतात आणि दिवा कायमचा पेटून बसतो. मग पुढचे मिसिंग कळवायला दिवा उरतच नाही, आणि मी तर नुकताच त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून बसलो होतो. दुसरी एक गोष्टही मनात होती. २०१० साली देशातल्या ज्या मोजक्या १३ शहरांत बीएस-४ आधी लागू झाले, त्यांत दिल्ली-मुंबईच्या रांगेत सोलापूरचे नाव होते. ज्या शहराची हवा एवढी काळजीची मानली गेली, तिथे राहून आपणच जाळी फोडायची, हे मला पटले नाही. मिस्त्री त्या गृहस्थांना एवढेच म्हणाले, "दादा, तुमच्या गाडीचं तुम्ही बघा."

पुण्याहून बीएस-४ साठी प्रमाणित असलेला दुसऱ्या कंपनीचा कन्व्हर्टर मागवला. मूळ भागाच्या निम्म्याहून थोड्या कमी किमतीत, १६,२०० रुपयांत, तो चार दिवसांनी आला. जुना मी परत मागून घेतला, कारण भंगारात त्याची किंमत लोखंडाच्या भावाने होत नाही, आतल्या धातूंच्या भावाने होते, आणि हे भंगारवाल्याला ग्राहकापेक्षा चांगले माहीत असते. बसवताना नवी गॅस्केटे घातली, सेन्सरच्या आट्यांना न चिकटणारे ग्रीस लावले, टोकाला मात्र लागू दिले नाही. मिस्त्रींची मजुरी १,८०० रुपये झाली, आणि माझ्या मते त्यांनी कमीच घेतली.

त्याच शेडच्या दारात पुन्हा पितळी नळी लावून दाब पाहिला. जागेवर काटा जेमतेम हलला, २५०० वर १ पीएसआयच्या खालीच राहिला. मॅप सेन्सरचा आकडा जागेवर ३३, आणि २५०० वर २८ ला येऊन एक मिनिटभर तसाच उभा राहिला. शनिवारी एकटाच तुळजापूरच्या घाटात जाऊन आलो. तिसरा गिअर, काटा ३२०० वर, वेग ६० च्या थोडा पुढे, आणि पाय निम्माच दाबलेला. परतताना मुद्दाम ताशी ८० च्या स्थिर वेगाने चालवत आणली. घरी स्कॅनर लावला, तेव्हा कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण झाल्याची खूण आली होती आणि कोड एकही नव्हता. ॲव्हरेज त्या आधीच्या दोन महिन्यांत लिटरला १३ वर आले होते. पुढच्या दोन टाक्यांत १७ च्या वर गेले.

लेथवाल्याची गाडीही मी पाहिली. त्याने घाटाचे वर्णन करतानाच "फेऱ्या वाढतात, पण गाडी जात नाही" असे म्हटले होते. चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला तरी त्याचे इंजिन बंद पडले नाही. त्याला स्कॅनरही लागला नाही. पितळी नळी मात्र मिस्त्रींनी दोन दिवसांसाठी म्हणून ठेवून घेतली आहे. परवा तिकडून जाताना पाहिले, तर ती भिंतीवरच्या ओळीत, सॉकेटच्या शेजारी, स्वतःच्या खिळ्यावर टांगलेली होती.